बाळंतिणीची शेगडी

विमलाबाई उठल्या खऱ्या, पण कशासाठी उठल्या तेच त्यांना आठवेना. खोलीच्या मधोमध त्या तशाच उभ्या राहिल्या. डोकं जड झालं होतं, पायांत बळ नव्हतं. समोर बाजेवर बाळंतपणाला आलेली लेक मोहिनी पडली होती, कुशीत तिची तान्ही पोर. बाजेखाली शेकाची लोखंडी शेगडी. चुलीतून काढून आणलेले बाभळीचे निखारे तिच्यात लालबुंद फुलले होते. धुराची रेघसुद्धा नव्हती. धूर नाही म्हणजे घोर नाही, असा विमलाबाईंचा साधा हिशोब.

नाचणगावावर सकाळपासून आभाळ आलं होतं आणि वारा अंगाला झोंबत होता. बाळंतिणीला वारं लागायला नको, म्हणून त्यांनी खिडकीला पोतं ठोकलं होतं. दाराच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. मुंगीलाही आत शिरायला जागा नव्हती.

"आई, डोकं लय दुखून राह्यलं वं," मोहिनी मघाशी म्हणाली होती. मघाशी, की सकाळी? मग ती ओकली. आता तर बोलतच नव्हती. पोरीनं दूध घेतलं नव्हतं, रडलीही नव्हती. उचलून पाहिली तर हातापायांत जीव नसल्यागत लोंबली. इतकी बाळंतपणं विमलाबाईंनी निभावली, पण हे काय चाललंय ते त्यांना कळेना. विचार धरायला जावं, तर तो हातातून निसटून जाई.

एक मात्र आठवलं. सकाळी जाऊ आली होती. रुख्मिणी. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहणारी. उंबऱ्यात उभी राहून पोरीकडे टक लावून बघत होती.

"लय कोंदट झालं, जाऊबाई. दार उघडं राहू द्या थोडं."

"तू आत येऊ नको. अन् जाता जाता दार लावून घेजो," विमलाबाईंनी फटकारलं होतं.

त्याला कारणही होतं. रुख्मिणीला एकच लेक झाली, ती बारशाआधीच याच खोलीत झोपेत गेली. रुख्मिणी मात्र बाजेवर नुसती पडून राहिली. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात शब्द नाही. आईचीच नजर लागली, हे सगळ्यात आधी विमलाबाई बोलल्या आणि गावानं ते उचलून धरलं. तेव्हापासून रुख्मिणीच्या मांडीवर कुणी लेकरू दिलं नाही.

म्हणजे नजरच. कोडं सुटल्यासारखं झालं आणि विमलाबाईंना जरा धीर आला. धडपडत त्यांनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि मायलेकींवरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, पाव्हन्यारावन्याची, घरच्याची..." घरच्याची म्हणताना आवाज चढला. मूठ शेगडीत रिकामी केली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. मोहिनी खोकली नाही. पोर शिंकली नाही. ठसका लागत नाही, तेवढी नजर जबर! आता शेगडी बाहेर नेऊन निखारे रस्त्यावर उलटायचे, आणि परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

चिंध्या ओढून त्यांनी दार उघडलं. गार वारा तोंडावर आला आणि अंगण गरकन फिरलं. शेगडी हातातून सुटली. निखारे अंगणभर पसरले आणि विमलाबाई ओट्यावरच बसल्या.

रुख्मिणी धावत आली. तिनं एकदा जावेकडे पाहिलं, एकदा शेगडीकडे, आणि काही न विचारता आत घुसली. पोतं टर्रकन फाटल्याचा आवाज आला. मग पोरीला छातीशी धरून ती थेट वाऱ्यात येऊन उभी राहिली. वारं लागेल, तुझी नजर लागेल, असं विमलाबाईंना ओरडायचं होतं. पण बोलायचं नव्हतं. त्या नुसत्या हात हलवत राहिल्या.

"रड वं माय, रड," रुख्मिणी पोरीचे तळवे चोळत होती.

आणि पोर रडली. आधी मांजराच्या पिल्लासारखी, मग चांगली टाहो फोडून. विमलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पोरीला त्यांच्या ओटीत ठेवून रुख्मिणीनं मोहिनीला बखोटीला धरून बाहेर ओढत आणलं, शेजारच्या रुपेशला हाक मारून ऑटो काढायला सांगितलं. वाऱ्यावर मोहिनीनं डोळे उघडले. पाणी मागितलं.

"उतरली बाई नजर," विमलाबाई पुटपुटल्या.

"नजर कायची, जाऊबाई! बंद खोलीत निखारे ठेवले, हवाच नाई राह्यली आत." बोलता बोलता रुख्मिणी मोहिनीकडे बघतच राहिली. ते अर्धवट उघडे, कोरडे डोळे. ती हळूच जावेकडे वळली. "मी बी अशीच पडली होती का वं तवा?"

विमलाबाईंचं डोकं आता साफ झालं होतं. सगळं लख्ख आठवत होतं. तीच बाज, खाली हीच शेगडी, खिडकीला पोतं.

दाराच्या फटीत चिंध्याही तेव्हा त्यांनीच कोंबल्या होत्या.