डायलवरची चिकटपट्टी

बत्तीस वर्षांनी डेलमर पुन्हा हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांच्या, नादाला लागला होता. ओहायोतल्या हॅम लोकांच्या वार्षिक बाजारात पेन्शनला झेपेल असा एकच जुना सेट त्याला सापडला. पण त्याच्या डायलवर चिकटपट्टी होती.

"डायल बिघडलीय का?"

"छे हो!" विकणाऱ्या व्हर्नाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी चिकटवलीय. मोर्सच्या टकटकीत बोलता बोलता कुणीतरी ह्यांना 'थांब, आलोच' असं कळवून गेला, तो गेलाच. असं कळवलं की ती फ्रिक्वेन्सी सोडायची नसते म्हणे! मग दर रविवारी चर्चहून आले की कॉफी घेऊन बसायचे कान लावून, अगदी मरेपर्यंत. मी म्हणायची, अहो, विसरला तो. तर म्हणायचे, अगं, पाहुणे आले असतील त्याच्याकडे."

डेलमरनं चष्मा लावून पट्टीखालचा आकडा वाचला; तो त्याच्या ओळखीचा होता. मग शेजारचा मोर्सचा खटका ओढून घेतला आणि त्या वीज नसलेल्या सेटसमोर हळूच वाजवलं: आलो.

इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ती टकटक ऐकून तिचा अर्थ कळू लागलेल्या व्हर्नाबाईंनी त्याच्या बोटांकडे बघितलं.

"फार दिवस राहिले हो पाहुणे," त्या म्हणाल्या.