बॉल नसलेला फोटो

शेवटच्या मिनिटाला पायसांदूला पेनल्टी मिळाली. गोल झाला तर कप त्यांचा. बरोबरी राहिली तर साल्तोचा. जाळीमागे गुडघ्यावर बसलेल्या नेलिदाने कॅमेरा सरसावला. पेपरचं पहिलं पान या एका फोटोसाठी रिकामं ठेवलं होतं.

कुंपणापलीकडून गोड, तळलेले चुरो विकणारी ओरडली, "नेलिदाबाई, हा चुकवलात तर उद्यापासून चुरो बंद!"

मारणार होता पायसांदूचा विल्मार. तो नदीकडच्या कोपऱ्यातच मारतो, शाळेपासून. गावातलं एकेक पोर कुठे मारतं, ते नेलिदाला पाठ होतं. तिने लेन्स तिकडे लावली आणि साल्तोच्या गोलकीपरने हळूच मागे वळून पाहिलं. तिच्याकडे नव्हे, लेन्सकडे.

नेलिदाला एकदम आठवलं. मघाची पेनल्टीही त्याने अशीच मागे बघून अडवली होती!

तिने श्वास रोखला आणि लेन्स रस्त्याकडच्या कोपऱ्यावर फिरवली. गोलकीपरने पुन्हा एकदा मागे पाहिलं. शिट्टी वाजली. दुसऱ्या क्षणी अख्खं पायसांदू कुंपणावर चढून नाचत होतं.

संध्याकाळी संपादक ओलिवेरांनी फोटो पाहून कपाळावर हात मारला. गोलकीपर रस्त्याकडच्या कोपऱ्यात झेपावलेला, आणि बॉलचा पत्ताच नाही.

"अगं बाई, वीस वर्षं फोटो काढतेस! विल्मार कुठे मारणार, एवढंही कळलं नाही तुला?"

"कळलं होतं की," नेलिदा म्हणाली. "म्हणूनच तर."