ब्याऐंशी किलोमीटर

रविवारी दुपारी शिवणक्लासवरून परतल्यावर वर्षा जिना चढायच्या आधी पार्किंगमध्ये गेली. मोबाइलमध्ये सकाळी काढलेला फोटो उघडला आणि गाडीच्या मीटरशी ताडून पाहिला. ब्याऐंशी किलोमीटर. मागच्या रविवारीही तितकेच. इंजिनाला हात लावला तर ते अजून कोमट होतं.

तिसऱ्या मजल्यावर तिचा नवरा योगेंद्र पालथा पडून घोरत होता. सकाळी नऊला ती निघाली तेव्हाही असाच. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधली त्याची रात्रपाळी, त्यामुळे रविवारचा दिवस झोपेतच जायचा. निदान ती आजवर तसं समजत होती.

गाडी त्याने वर्षभरापूर्वी सेकंड हँड घेतली. पाचशे सीसीची क्रूझर, लांब, बसकी, काळीभोर. "यावर पाय पुढे सोडून बसायचं," तो घरात सगळ्यांना सांगायचा. "गुडघ्याला ताण नाही, कंबरेला ताण नाही. आरामखुर्चीत बसून धुळ्याला गेल्यासारखं." मागे पाठ टेकायला गादी होती. वर्षाला ती गादी फार आवडली होती. तिच्यावर टेकून अमळनेरला माहेरी जायचं, असं त्याने कबूल केलं होतं. वर्षभरात गाडी कोसाडच्या घरापासून मिलपर्यंत गेली आणि परत आली. तिच्या वाट्याला फक्त आवाज आला.

मग रविवारी त्या गादीला टेकून बसते कोण?

संशय एकदा आला की घर शोधायला लावतो. दुसरं हेल्मेट कपाटावर नवंकोरं पडून असायचं. वर्षाने ते डोक्यात घातलं तर हनुवटीखालचा पट्टा आवळलेला. आतून खोबरेल तेलाचा वास. वर्षा तेल लावत नाही.

खालच्या पानवाल्याला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गाडी तो जाती है ना भाभी, हर संडे. साढ़े नौ बजे."

"कौन ले जाता है?"

"हेल्मेट में क्या दिखेगा? अकेले निकलते हैं."

म्हणजे ती पुढे कुठेतरी बसत असणार. हुशार आहे बया.

सासूला सांगायचं की नाही, यात दोन दिवस गेले. सासरे सुपडूनाना आणि सासू सुंदराबाई ही जुनी माणसं. चाळीस वर्षं सुरतेत काढली, पण सुनेसमोर सुंदराबाई नवऱ्याशी थेट बोलायच्या नाहीत. "यास्ले चहा दे," असं भिंतीकडे बघून सांगायच्या. दोघं एका खाटेवर बसलेली वर्षाने कधी पाहिली नव्हती. रविवारी भजनाला जायची, तेव्हाही नाना आधी निघायचे आणि दहा मिनिटांनी या. गल्लीने नवराबायकोला जोडीने चालताना पाहू नये म्हणून ही काळजी.

शेवटी वर्षाने सासूला मीटरचे फोटो दाखवले, हेल्मेट हुंगायला दिलं. सुंदराबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबला.

"मन्हा पोऱ्या तसा नही से, वर्षा."

"मग कसा आहे, आई?"

"मीटरच खराब व्हई." त्यांनी पदर पुढे ओढला. "हाई गोट यास्ना कानवर नको घालू."

वर्षाला जे कळायचं ते कळलं. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती लेकावर पांघरूण घालते आहे. नानांचंही तसंच. टेम्पो चालवून गुडघे गेलेला माणूस, पण सोमवारी सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायला खाली उतरायचा. पुरावाच पुसत असतील.

त्या संध्याकाळी तिने योगेंद्रला समोर बसवलं. त्याने फोटो पाहिले, पुन्हा पाहिले.

"मी झोपलेलो होतो गं. पोरीची शपथ."

"पोरीला मधे आणू नका."

दुसऱ्या दिवशी तो मेकॅनिककडून मीटर तपासून आला. मीटर ठीक होतं. ते सांगताना त्याचा चेहरा इतका पडला होता की वर्षाला क्षणभर त्याची दया आली. मग तिने बॅग काढली. पोरीचे फ्रॉक भरले, शाळेचा दाखला शोधला.

"या घरात एक तर ती गाडी राहील, नाही तर मी. अमळनेरला गेले तर परत यायची नाही."

योगेंद्र त्या रात्री पाळीला गेला नाही, गॅलरीत बसून राहिला. सकाळी म्हणाला, "विकतो."

नानांनी ते ऐकलं आणि चहा अर्धा ठेवून उठले. सुंदराबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. वर्षाच्या मनात उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

गुरुवारी संध्याकाळी कामरेजचा पांडुरंग आणि त्याची बायको तारा गाडी बघायला आली. घरातले सगळे पार्किंगमध्ये जमले. नाना खांबाला टेकून, त्यांच्यापासून दहा पावलांवर सुंदराबाई, डोक्यावर पदर. भरलेली बॅग अजून वर खाटेवरच होती. चाव्या हातातून जाईपर्यंत वर्षा ती रिकामी करणार नव्हती.

पांडुरंगने एक चक्कर मारली आणि हसतच परत आला. "हायवेला कशी पळते?"

"माहीत नाही," योगेंद्र म्हणाला. "मी कधी नेलीच नाही."

वर्षाने तोंड फिरवलं. इतकं धडधडीत खोटं, तेही परक्या माणसांसमोर.

तारा मागच्या सीटवर बसली, गादीला पाठ टेकली, जराशी हलून पाहिली. "दिसायला छान आहे. पण लांब गेलं की मागे बसणाऱ्या बाईची कंबर धरत असेल, नाही?"

गाडी हातची चालली होती, आणि तिला कोणी नावं ठेवलेली सहन होईना म्हणून की काय, सुंदराबाई दहा पावलं तरातरा पुढे आल्या. सीटवरून हात फिरवला.

"नही वं माय. दर रैवारले आम्ही दोन्ही बारडोली जाई येतस, मन्ही कंबर एकदाबी नही दुखनी."