पंपाच्या टाकीचा डबा

आश्रुबाच्या मिशीवर दोन लिंबं ठरतात, हे अख्ख्या धारूरला ठाऊक. चाँद मेकॅनिकच्या लेकीनं, आफ्रीननं, बॅटरीवर पळणारा स्केटबोर्ड बनवला, तेव्हा आश्रुबानं चौकात पैज लावली, "ही फळी किल्ल्याचा चढ चढली तर मिशी भादरीन!" बॅटरी ठेवायचा पत्र्याचा डबा चाचणीतच दगडावर फाटला. पैज जिंकल्यात जमा. पण म्हाताऱ्या आश्रुबाला घरात बसवेना. येरझाऱ्या घातल्या, चहा तसाच ठेवला, उठून आफ्रीनकडं गेला. "असला डबा असतोय व्हय, पोरी?" म्हणत त्यानं स्वतःच्या फवारणी पंपाची टाकी कापली, तापवून वाकवली आणि फळीखाली बसवली. आज आफ्रीन फळीवरून किल्ल्याचा चढ चढत होती; शेवटच्या वळणावर डबा दगडाला खरवडला, फळी अडखळली. "आबा, मिशी वाचली!" पोरं ओरडली. वर जाऊन थांबलेला आश्रुबा खेकसला, "गप बसा बे! आफ्रीन, भार पुढं टाक, डबा माझा हाय!" फळी वर पोचली, तेव्हा आश्रुबा तिच्याआधीच तिथं वस्तरा मागत होता.