शेवंतीवरचा लाल कापूस

"कापसानं दव टिपून तोंड पुसलं की म्हणे म्हातारपण लांब राहतं! ऐंशीव्या वर्षी कुणासाठी नटताय, वहिनी?" शेजारचे गेनजिरो दर शेवंतीच्या सणाला कुंपणावरून हसत.

त्या जपानी गावात हा सण पाळणाऱ्या किनुए आजी एकट्याच उरल्या होत्या. 'यंदा शेवटचं,' असं ठरवून त्यांनी संध्याकाळी फुलांवर रंगीत कापूस ठेवला.

सकाळी पाहतात तर कुंपणाजवळच्या पिवळ्या फुलावरचा लाल कापूस गायब.

"वाऱ्यानं नेला असेल," पलीकडून गेनजिरो म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या भुवईत लाल कापूस अडकला होता.

 

"पुढच्या वर्षी जास्त ठेवते, भाऊजी. तुमचं म्हातारपण एका फुलात आवरायचं नाही!"