शेंडीचा नारळ

“केस मोकळे सोड, म्हणजे कान झाकला जाईल,” हॉलच्या दारात आईने पुन्हा बजावलं. कादंबरीने केस वर घेतले आणि घट्ट अंबाडा घातला. डावा कान खेळून खेळून आल्याच्या गड्ड्यासारखा झाला होता. आजीची मोत्यांची कुडी त्यात जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने ती उजव्या कानात एकटीच घातली होती.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मराठी मंडळाचा गणपती म्हणजे आरती, मोदक आणि गुणवंत मुलांचा सत्कार. गुणवंत कोण, हे विचारायचं नाही. डॉक्टर, इंजिनिअर, फार तर एखादी वकील. शाल प्रत्येकाला नवी मिळे, नारळ मात्र सगळ्यांत मिळून एकच. शेंडीचा नारळ इथे मिळवायचा तर जीव मेटाकुटीला येतो. म्हणून फोटो निघाला की मुलाने तो मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या हाती हळूच द्यायचा आणि त्यांनी तोच पुढच्यासाठी अध्यक्षांना द्यायचा. सेक्रेटरी होते चंद्रशेखर, कादंबरीचे बाबा.

सोमवारी ती फ्रान्सला निघणार होती. तिथल्या एका क्लबने तिला पगारी रग्बी खेळाडू म्हणून घेतलं होतं. बाबांनी मंडळात सांगून टाकलं होतं, की पोरगी मास्टर्सला चाललीय. आणि गंमत बघा, याच बाबांनी घरामागच्या हिरवळीवर वर्षानुवर्षं तिचे पास झेलले होते. या खेळात चेंडू हाताने पुढे टाकायला बंदी. द्यायचा तो मागून येणाऱ्यालाच. पळायचं पुढे आणि द्यायचं मागे, हा कसला उफराटा खेळ, असं कुरकुरत ते तिच्या मागून पळायचे. पण ते सगळं कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर मास्टर्स.

येताना गाडीत त्यांनी विनवलं होतं, आजचा दिवस गप्प राहा, कुणाकुणाला समजावत बसायचं? “नाइन, बाबा,” एवढाच नकार तिने दिला. ती नेहमीच जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेव्हा त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

सूत्रसंचालन करणाऱ्या उल्काताईंनी माइकवर नाव पुकारलं. कादंबरी, मास्टर्ससाठी फ्रान्सला. टाळ्या झाल्या. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांनी तिला शाल पांघरवली, हातात नारळ दिला, आणि फोटो निघाल्यावर कौतुकाने विचारलं, मास्टर्स कशात म्हणायचं? वर माइकही तिच्यापुढे धरला.

“कशातच नाही, काका,” ती चक्क मराठीत बोलली. “मी रग्बी खेळायला चाललेय. पगार घेऊन. हा कान त्यातच असा झालाय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.”

आईने पदर तोंडाशी नेला. राजाभाऊ मुरलेला माणूस. छंद हवेतच म्हणाले, अंग मोकळं होतं म्हणाले, आणि मग हसत हसत म्हणाले, “पण करिअरचं काय ठरवलंयस?”

“हेच.”

बोलून झालं. मैदानात दांडग्या बायकांना अंगावर घेणारी मुलगी, पण मागे वळून बाबांकडे बघायची हिंमत होईना. चारचौघांत त्यांना खोटं पाडलं होतं तिने. त्यांनी तोंड फिरवलं असलं तर? ते तिथे नसलेच तर? नारळ मात्र परत द्यायलाच हवा होता. तिने बघितलंच नाही. दोन्ही हातांत धरला, कमरेतून वळली आणि मागे भिरकावला.

बायकांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. नारळ फुटल्याचा आवाज काही आला नाही.

ती वळली. बाबा होते. धोतर एका बाजूने सुटलेलं, तोंड लालबुंद, आणि नारळ छातीशी घट्ट धरलेला.

“पास जरा खाली आला,” ते तिला म्हणाले. मग घसा खाकरून माइककडे वळले. “उल्काताई, नाव परत पुकारा. मास्टर्स नाही. रग्बी म्हणा.”

उल्काताईंनी पुकारलं. काहींनी मनापासून टाळ्या वाजवल्या, काहींनी इतर वाजवताहेत म्हणून. पुढची ईप्सिता मेडिकलला लागलेली. ती शाल पांघरून, हात पुढे करून कधीची उभी होती. राजाभाऊ नारळासाठी खुणा करकरून दमले. बाबांनी तो काखेत मारला होता आणि ते द्यायला तयार नव्हते.