शिक्षणाचा रकाना

निवृत्त हवालदार संपत जगदाळे माजी सैनिकांच्या सवलतीत ऑनलाइन बी.ए. करत होते. सकाळच्या तासाला मॅडमनी ग्रामसभेवर प्रश्न विचारला आणि ते अडखळले.

शेजारी मेथी निवडणाऱ्या वैजयंताने फटकन उत्तर दिलं.

"बरोबर! कोण बोललं?" मॅडमनी मोबाइलवरून विचारलं.

"आमच्या मिसेस," ते ओशाळून हसले. "ही सवलत त्यांनाही मिळेल का?"

"मिळेल की!"

तास संपताच ते तिचा फॉर्म भरायला बसले. शिक्षणाच्या रकान्यापाशी बोट थबकलं. "कितवीपर्यंत शिकलीस गं तू?"

"बारावी. मग लग्न झालं."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"राहूनच गेलं विचारायचं," ते पुटपुटले.

वैजयंताने हसत पदराला हात पुसले आणि मोबाइल त्यांच्या हातून घेतला. "द्या, पुढचं मीच भरते."